मुकं पाणी

४ जानेवारी

घुबडे,

तुझी आजी अजून जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या लक्षात राहिलेलं दिसत नाही. लहानपणी दप्तर घरी विसरून शाळेत जायचीस, आणि शाळेत गेल्यावर शाळा विसरून खिडकीबाहेर बघत बसायचीस. आता नोकरीच्या गावी जाऊन मलाच विसरलीस. चार महिन्यांत एक पत्र, आणि त्यातलं निम्मं पान 'घाईत आहे' हे सांगण्यात घालवलेलं. एवढी घाई होती तर तेवढंही कशाला लिहिलंस?

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि ते तुझ्या पथ्यावर पडतं. तू 'हो हो, जेवले, ठेवते' म्हणतेस आणि सुटतेस. पत्रातून असं पळता येत नाही. म्हणून पत्रच लिही.

माझं पत्र नेहमीप्रमाणे खालची शिंपीण लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि मधेच पेन थांबवून म्हणते, "आजी, असं लिहायचं नसतं." मी म्हणते, तू माझ्या पोलक्याची बाही लांडी करतेस तेव्हा मी म्हणते का, असं शिवायचं नसतं? लिही मुकाट.

सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुला मी वाढवलं. तू काय काम करतेस ते मला शेजारणीला सांगता येत नाही. परवा एकीने विचारलं तर मी म्हटलं, "ती तबकड्या करते." ती म्हणाली, "गाण्याच्या?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं काय ते कळव. नाहीतर गाण्याच्याच म्हणून सांगत राहीन.

तुझी आजी

१५ जानेवारी

प्रिय आजी,

चुकलं. कान पकडले आहेत, फक्त लिहिताना एकच पकडता येतो.

तबकड्याच करते, पण गाण्याच्या नाहीत. एक पांढरी भुकटी असते, मॅग्नेशियम फ्लोराइड नावाची. मिठासारखी दिसते, पण तिच्याशेजारी मीठ मळकं वाटेल. आधी ती एका भट्टीत दुसऱ्या एका क्षारासोबत तापवायची, म्हणजे तिच्यातली उरलीसुरली ओल निघून जाते. मग साच्यात भरून हवा काढून घ्यायची आणि लाल होईपर्यंत तापवत दाबायची. सावकाश थंड झाली की ताटलीएवढी तबकडी निघते. तिला आम्ही टार्गेट म्हणतो, कारण पुढे तिच्यावर मारा होतो. ज्यांना आम्ही तबकड्या विकतो ते तिला एका बंद डब्यात ठेवतात, विजेच्या जोरावर तिच्यावर कणांचा भडिमार करतात, आणि तिचे कण सुटून समोरच्या भिंगावर जाऊन बसतात. इतका पातळ थर, की दिसत नाही. फक्त भिंगावरची चकाकी जाते. डॉक्टरांची यंत्रं, दुर्बिणी, कॅमेरे, सगळ्यांना तो लागतो.

यात सगळं महत्त्व शुद्धतेला. शंभरातले नव्व्याण्णव भाग तर शुद्ध हवेतच, आणि उरलेल्या एका भागातलेही नव्व्याण्णव टक्के. म्हणून आम्ही डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, पायात पिशव्या घालून फिरतो. मॅनेजर म्हणतात, तुमचा एक केस भुकटीत पडला तर महिन्याची मेहनत गेली. माझ्या हातच्या तबकडीला अजून एकदाही तडा गेलेला नाही. आजी, सगळ्या कारखान्यात असं एकच माणूस आहे!

भट्टी एक काका सांभाळतात. त्यांचा आवाज इतका घोगरा आहे की ते काहीही सांगोत, गुपित सांगताहेत असं वाटतं. आमचं छान जमतं.

तक्रार एकच. भट्टीच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे, पण कोणी ती पुसत नाही. धुक्यातून बघावं तशी दिसते. मी एकदा साबणाने घासली, फरक नाही. चष्म्याचंही तेच. तीन महिन्यांपूर्वीचा नवा चष्मा, त्याच्या काचा अंधूक झाल्या. चष्मेवाल्याशी भांडले. तो म्हणतो, बाई तुम्ही राखेने घासला असेल.

शेजारणीला सांग, नात भिंगांची चकाकी घालवते.

तुझी घुबड

२४ जानेवारी

घुबडे,

शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकून चकाकी घालवायचं काम?" मी म्हटलं, माझ्या घराण्यात चालतच आलंय. मी लग्नाआधीपासून काचकारखान्यात दिव्यांच्या काचांवर मेण लावायचे, फुलापानांची नक्षी सोडून. मेण नसेल तिथली काच पुढे पांढरी, खरबरीत व्हायची. चकाकी घालवूनच आम्ही पोट भरलं. तुला ठाऊक आहे. पण तू विसरली असशील.

आता मी तीन गोष्टी विचारते. म्हातारीला रिकामा वेळ आहे असं समज आणि उत्तर दे.

खिडकीच्या काचेवरून नख ओढ. गुळगुळीत लागते की खरबरीत?

धुकं आतल्या बाजूने आहे की बाहेरच्या?

आणि भट्टीतली वाफ कुठे जाते?

शिंपीण विचारते आहे, आजी हे कशाला? मी तिला सांगितलं, पोरीला घर पुसायला शिकवायचं राहून गेलं होतं, ते आता करते आहे. तीही हसली. हसू दे.

पण घुबडे, उत्तर लगेच दे. या वेळी विसरलीस तर मी खरंच रागावेन. आतापर्यंत मी तुझ्यावर खोटंच रागावत आले, हे तुला माहीत आहे.

आजी

६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. उत्तरं: खरबरीत. आतल्या बाजूने. आणि वाफ एका नळीतून मागच्या टाकीत जाते. टाकीत चुन्याचं पाणी असतं, ते वाफेतलं वाईट तेवढं धरून ठेवतं आणि बाकीचं धुराड्यातून बाहेर सोडतं.

पण आता खिडकीची काळजी मिटली! मी मॅनेजरांना सांगितलं, आणि त्यांनी लगेच काच काढून त्या जागी प्लॅस्टिकचा जाड पारदर्शक पत्रा बसवून दिला. आता स्वच्छ दिसतं. समोरचं झाड आहे हे मला पहिल्यांदा कळलं. चष्म्यालाही मी प्लॅस्टिकच्या काचा बसवून घेतल्या. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "तक्रार कशी करावी ते हिच्याकडून शिका." मला बरं वाटलं.

आणि मोठी बातमी. काका आता येत नाहीत. तब्येतीमुळे गावी गेले म्हणे. त्यांच्या जागी भट्टी माझ्याकडे दिली आहे. एका वेधशाळेच्या आरशासाठी मोठी तबकडी करायची आहे, आजवर इथे झाली नाही एवढी मोठी. ती जमली की मी कायम होईन. लोक लाखो वर्षं जुना उजेड बघतील, आणि त्याच्या वाटेत माझ्या हातचा थर असेल. विचार कर!

शिंपीणकाकू, इथून पुढचं आजीला वाचून दाखवू नका. तुम्हालाच लिहिते, कारण कोणाला तरी सांगायला हवं. आठवड्यात दोनदा नाकातून रक्त आलं. खोकला आहे. टाकीतला चुना संपत आला की बदलायचा असतो, तो शेवटचा कधी बदलला हे वहीत सापडत नाही. काका जायच्या आधी मला म्हणाले, "नळीला हात लावून बघत जा. गरम असली तर बाहेर ये." एवढंच म्हणाले. आजीला यातलं कळलं तर ती काठी टेकत इथे येऊन उभी राहील, आणि मला ही तबकडी पूर्ण करायची आहे. तुम्ही समजून घ्याल.

तुझी घुबड

१४ फेब्रुवारी

घुबडे,

मला वाचता येत नाही. पण बघता येतं.

तुझं पत्र आलं. पान पाठपोट भरलेलं, कडेलासुद्धा जागा नाही. शिंपीणीने वाचायला घेतलं तेव्हा मी चहा कपात ओतला होता. अर्धा कप झाला आणि ती म्हणाली, "संपलं." मागचं पत्र एवढंच भरलेलं होतं आणि त्याला दोन कप लागले होते. मी म्हटलं, शिंपीणबाई, कापड कुठे चोरलंस? ती लाल झाली. मग रडली. मग सगळं वाचलं.

तिच्यावर रागावू नको. तिला शिवता येतं, लपवता येत नाही.

आता ऐक. आमच्या कारखान्यात काच पांढरी करायचं जे पाणी होतं, त्याला आम्ही 'मुकं' म्हणायचो. दुसरं कुठलंही तेजाब अंगावर पडलं की माणूस ओरडतं. हे पडलं तर पाण्याचा थेंब पडल्यासारखं वाटतं. पुसायचं आणि कामाला लागायचं. मग पाच-सहा तासांनी हाडातून बोलायला लागतं. आणि त्याची वाफ तर त्याहून मुकी. ती काचेला खाते. काच खरबरीत होते, आतल्या बाजूने. आमच्याकडे छपराजवळ मुद्दाम एक साधी काच टांगलेली असायची. ती धुरकट दिसली की उस्ताद सगळ्यांना बाहेर काढायचा.

तुमच्या खोलीत एकच शहाणं होतं, ती खिडकी. ती सांगत होती. तू तक्रार केलीस आणि त्यांनी तिला काढून तिथे असं काही बसवलं, ज्याला काही झालं तरी कळत नाही. वर तुला शाबासकी. भुकटीला माणसाचा केस लागू नये म्हणून टोप्या, फडकी, पायात पिशव्या. माणसाला भुकटीचं काही लागू नये म्हणून काय आहे, ते तू लिहिलेलं नाहीस.

काचेचा एक साधा पेला घे. भट्टीच्या खोलीत वर ठेव. आठ दिवसांनी उजेडात धर. आणि विचार, कॅल्शियमचं मलम कुठे ठेवलंय. आता त्या पाण्यावर उतारा म्हणून असं मलम असतं, शिंपीण औषधवाल्याला विचारून आली. नसेल तर त्या खोलीत पाऊल टाकू नको. पेला धुरकट झाला तर सामान बांध आणि ये. कायम व्हायचं असेल तर माझ्याकडे हो, जागा रिकामी आहे.

आजी

(हे मी माझं लिहिते, आजी झोपल्यावर. बाळा, तू मला असं पुन्हा कधी सांगू नकोस. माझ्या हातून झालं नाही. काकू.)

२ मार्च

प्रिय आजी,

उशीर झाला, सर्दी होती. आता बरी आहे. पेला ठेवला होता. स्वच्छ राहिला. तू उगीच घाबरलीस. चुना बदलायला सांगितला आहे. मलमही आहे, कपाटात.

पेन बिघडलं आहे म्हणून थोडंच लिहिते. तबकडीचं काम छान चाललं आहे.

तुझी घुबड

९ मार्च

घुबडे,

डाव्या हाताने लिहिलंस.

शिंपीण म्हणते, पेन बिघडलंय ना, म्हणून अक्षर असं. मी म्हटलं, आण ते पत्र. मागची सगळी पत्रं माझ्या उशाशी आहेत. मी ती वाचत नाही, पण रोज बघते. तुझ्या ओळी उजवीकडे चढत जातात, टेकडीवर निघाल्यासारख्या. या पत्रातल्या ओळी घसरतात, आणि प्रत्येक अक्षर मागे टेकून बसलंय. पेन बिघडलं तर शाई बिघडेल. अक्षर कशाला पाठ टेकून बसेल?

उजव्या हाताला काय झालं?

तू सांगणार नाहीस. माझ्याकडून शिकलीस, मग कुठून सांगशील? तर मीच आधी सांगते.

तुझ्या आजोबांना दोन बोटं नव्हती. तुला मी सांगितलं होतं, चाकात अडकून गेली. तू ते शाळेत निबंधात लिहिलंस आणि बक्षीस आणलंस. चाक वगैरे काही नव्हतं. ते त्या पाण्याच्या टाकीवर होते. त्यांच्या कापडी हातमोज्यांना मेणाचा हात द्यायचं काम माझं होतं. रोज सकाळी वीस जोड. त्या दिवशी मी शेजारणीशी बोलत होते, कसलीशी चेष्टा चालली होती, आणि एका मोज्याच्या दोन बोटांमधला सांधा राहून गेला. सुईच्या टोकाएवढा. त्यांना काही लागलंच नाही. डबा खाल्ला, मला हसून काहीतरी म्हणाले, आणि संध्याकाळी हात भिंतीवर आपटायला लागले.

त्यांना माहीत होतं मोजे कोणी केले. जन्मभर एक शब्द बोलले नाहीत. 'चाक' हा त्यांनीच काढलेला शब्द. मी तो धरून ठेवला, कारण त्याच्यामागे मला उभं राहता येत होतं.

मी खरं सांगितलं असतं तर तुला ते पाणी नावानिशी ओळखता आलं असतं. पहिल्या दिवशीच त्या खिडकीपाशी तू थबकली असतीस. म्हणजे हा दुसरा सांधाही माझ्याच हातून राहिला.

शिंपीण रडते आहे आणि कागद ओला करते आहे. मी रडत नाही. मला उत्तर हवंय.

आजी

१६ मार्च

आजी,

हो, डावा हात.

२३ फेब्रुवारीला टाकीची नळी तुंबली होती. मी तोंड उघडून साफ केलं. मोजे घातले होते. घरी जाताना अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक बधिर वाटलं, म्हटलं थंडी असेल. संध्याकाळी ते बोट आतून कोणीतरी पिळत असल्यासारखं झालं. बोटावर वरून काहीच दिसत नव्हतं, आजी. लालसुद्धा नाही. डॉक्टरांना मी काय सांगणार होते? मग तुझं पत्र आठवलं आणि म्हटलं, फ्लोराइड. ते धावलेच. तुझ्यामुळे बोट राहिलं, टोक गेलं. मोज्याला भोक होतं. शोधायला भिंग लागलं.

पेलाही खोटा. चौथ्याच दिवशी धुरकट झाला. मी तो मॅनेजरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला, आणि म्हणाले, "पाण्यासाठी स्टीलचा वापर. फुटायची भीती नाही." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा अगदी साधा होता. म्हणाले, तबकडी गेल्यावर चुना बदलू, आत्ता भट्टी बंद ठेवली तर तारीख चुकते.

मलमाचं कपाट आहे. त्यात मलमाची नळी आहे. ती पिळली तर हवा येते.

काकांच्या गावाहून त्यांची मुलगी आली होती. फाटकावर चौकशी करत होती की त्यांचा काही डबा, चप्पल राहिलीय का. मी तिला विचारलं, काका कसे आहेत. ती म्हणाली, "तुम्हाला कळवलं नाही का कोणी?"

मी सोडते आहे. खरंच. पण तबकडी अर्ध्यावर आहे. दोन भाजण्या झाल्या, एक राहिली, मंगळवारी २५ तारखेला. ही माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. आणि त्यांनी माझ्या जुन्या जागी एक नवी मुलगी घेतली आहे, एकोणीस-वीस वर्षांची, मला 'ताई' म्हणते, टोपी उलटी घालते. तिला शिकवल्याशिवाय निघाले तर ती एकटी त्या खोलीत उभी राहील. मंगळवारी शेवटची भाजणी, बुधवारी राजीनामा, गुरुवारी तुझ्याकडे. नळी गरम लागली तर लगेच बाहेर येईन.

आजोबांचं वाचलं. त्यांनी शब्द काढला असेल तर तुला लपवायला नसेल काढला. त्यांच्या हाताला तू रोज तेल लावायचीस ते मी पाहिलं आहे. ज्याच्यावर राग असतो त्याला कोणी असा हात देत नाही.

घुबड

२२ मार्च

घुबडे,

पत्र आज मिळालं. शिंपीणीने पूर्ण वाचलं, मी चहा केलाच नव्हता.

मंगळवार नको. तबकडी नको. ज्यांना लाखो वर्षं जुना उजेड बघायचाय त्यांना आणखी एक महिना थांबता येतं. त्या पोरीचा हात धर आणि दोघी बाहेर या. शिकवायचं असेल तर तिला एवढंच शिकव, दार कुठे आहे.

तुझ्या कारखान्यात शिंपीणीने दोनदा फोन लावला. कामाच्या वेळात कोणाला बोलावत नाही म्हणाले. तुझा फोन दिवसा बंद, तो तिकडे कपाटात ठेवायला लावतात ना, भुकटीला धूळ लागते म्हणून. आणि रात्री वाजतो तर तू उचलत नाहीस, मी काय म्हणेन ते तुला ठाऊक आहे.

हे पत्र तुला कधी मिळेल ते सांगता येत नाही. म्हणून मीच निघते. सोमवारची गाडी, त्याआधी नाही; मग बदलून दुसरी, मंगळवारी दुपारी पोहोचते. फाटकाशी उभी राहीन. मला चुकवू नको. काठी घेतलेली म्हातारी ओळखायला चष्मा लागत नाही.

आजी

११ एप्रिल

शिंपीणबाई,

हे पत्र तुझ्या हातचं नाही, तुला आलेलं आहे, म्हणून आश्चर्य वाटेल. इस्पितळात औषधाच्या खिडकीवर एक भला माणूस बसतो, तो दुपारी गर्दी नसली की मला लिहून देतो. तो मला एकदाही अडवत नाही. मला तुझी आठवण येते.

मी मंगळवारी पोहोचले तेव्हा सव्वादोन वाजले होते. फाटक उघडं होतं आणि कोणी अडवलं नाही, तिथेच मला कळलं.

नळी तुंबली आणि वाफ उलटी खोलीत आली. नळी गरम आहे हे माझ्या नातीला वेळेवर कळलं होतं. ती बाहेर पडू शकली असती. ती नवी पोर आत कोपऱ्यात, साच्यापाशी होती. हिने तिला आधी बाहेर ढकललं. त्यात जो वेळ गेला तो हिच्या छातीत गेला.

जगली आहे. डॉक्टर म्हणतात, जगेल. घसा आतून भाजलाय, बोलता येत नाही, बहुधा पुढेही कुजबुजच राहील. काय हवं ते डाव्या हाताने पाटीवर लिहिते. आणि बाई, मला वाचता येत नाही. ती लिहिते, माझ्याकडे बघते, मी पाटीकडे बघते. साठ वर्षं मी अक्षरांची चेष्टा केली.

मॅनेजर आला होता, फळं घेऊन. सोबत एक कागद. वाचून दाखवला: मोजे आणि नळी सदोष असल्याचं हिने आधी कळवलं नव्हतं, असं काहीतरी. म्हणाला, आजी, तुम्ही फक्त अंगठा द्या. मी म्हटलं, साहेब, मला वाचता येत नाही, म्हणून अंगठा मी जपून वापरते. मूठ मिटून बसले ती तो जाईपर्यंत उघडली नाही. फळं ठेवून घेतली. फळांनी काही केलं नव्हतं.

तबकडी तडकली. हे हिला मी अजून सांगितलेलं नाही.

आणि भट्टी पुन्हा पेटली. आठवडाभर बंद होती, मग नळी बदलली, चुना म्हणे बदलला, आणि नवी तबकडी चढवली. चालवते ती पोर, तीच, उलटी टोपी. घरचं सगळं तिच्यावर आहे, सोडता येत नाही म्हणते. रोज सकाळी कामावर जायच्या आधी इथे येते. हिच्या पाटीवरचं मला वाचून दाखवते, आणि मग वही काढून हिलाच विचारते, ताई, तापमान किती वेळाने वाढवायचं, साचा कसा आवळायचा. ही लिहून देते. प्रत्येक वेळी खाली तीच ओळ असते. पोर ती मला वाचून दाखवते आणि खाली बघते. 'जाऊ नकोस.' मग घड्याळ बघून जाते.

मी तिला समजावलं. रागावले. हात जोडले. ती म्हणते, "आजी, मी काळजी घेईन." हे वाक्य मी आधी ऐकलंय.

पण काल एक गोष्ट कळली. ती भट्टी सकाळी दहाच्या आत पेटवावी लागते. त्यानंतर पेटवली तर पाळी संपेपर्यंत थंड होत नाही, म्हणून त्या दिवशी पेटवतच नाहीत. परवा पोर उपाशी आली होती. मी तिला फुटाणे दिले, माझ्याकडे तेवढेच होते. एकेक खात बसली, बोलत बसली, मी तुझ्याबद्दल काय काय खोटं सांगत बसले. बघता बघता साडेदहा झाले. पळत गेली. काल आली तेव्हा म्हणाली, "आजी, ओरडा बसला, भट्टी राहिली." मी म्हटलं, अगं बाई, माझंच चुकलं.

म्हातारीच्या हातून याहून जास्त काही होणार नाही. पण एकेक दिवस करून होईल. औषधवाल्याने कोणत्याशा तपासणीच्या कचेरीला माझ्या नावाने अर्ज लिहिला आहे. त्यावर मात्र मी अंगठा दिला. ते लोक येईपर्यंत किती दिवस जातील ते सांगता येत नाही, तेवढे मला इथेच भरून काढायचे आहेत.

म्हणून शनिवारच्या गाडीने दोन डबे पाठव. एकात माझ्या नातीसाठी पातळ खीर, गार झालेली, गाठी न ठेवता गाळलेली, तिला गिळायला सोपं जाईल अशी. दुसरा डबा त्या पोरीसाठी, मोठा घे आणि त्यात अक्रोड भर, सालासकट, अख्खे, जितके टणक मिळतील तितके. फोडायला काही पाठवू नको.